शेतकऱ्याची कातडी : खाजणारे रोग व न खाजणारा डाग

पिकाच्या पानावर डाग पडला तर आमचा शेतकरी त्याकडे दुर्लक्ष करीत नाहीं. कांद्याच्या पातीवरील चट्टा करप्याचा आहे कीं फुलकिड्यांनीं पात खरवडली आहे, हें तो पात उलटसुलट करून पाहतो. उसाच्या पानावरील तांबेरा व अन्नांशाच्या कमतरतेनें आलेला पिवळेपणा यांत तो घोटाळा करीत नाहीं. एका रोगाचें औषध दुसऱ्यावर मारलें तर पैसा जातो व पीकही जातें, हा अनुभव त्याच्या गांठीं आहे. परंतु स्वतःच्या अगर मुलाबाळांच्या अंगावर डाग उठला म्हणजे हाच मनुष्य निराळ्या रीतीनें वागतो. खाज सुटली कीं औषधाच्या दुकानीं जावें, "खाजेची ट्यूब" मागून आणावी, आणि तीच ट्यूब बापाच्या गजकर्णास, मुलाच्या खरजेस व आजीच्या पायाच्या भेगेस लावावी, असा प्रघात पुष्कळ घरांत पडून गेला आहे.

आमच्या नगर जिल्ह्याचें, म्हणजे २०२४ सालापासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचें, जमीनपाणी सर्वत्र एकसारखें नाहीं. प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालीं ऊंस, घांस व रात्रींचें पाणी भरणें. तर पाथर्डी, जामखेड, कर्जत या बाजूस उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीही टंचाई. एकीकडे पायांची ओल सुकत नाहीं, दुसरीकडे कपडे धुण्यास पाणी पुरत नाहीं. कातडीच्या रोगांस ह्या दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत. त्यांत कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे, बांधावर माजलेलें गाजरगवत, आणि एकाच खोलींत दाटीनें निजणारीं माणसें यांची भर पडते.

यास्तव आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, कातडीच्या रोगांत ओळख आधीं व औषध मागून. ओळख बरोबर असली तर यांतील बहुतेक रोग थोड्या खर्चांत बरे होतात; ओळख चुकली तर चांगलें औषधही अपाय करतें. आणि सर्वांत अधिक नुकसान करणारा जो डाग, तो बहुधा खाजतच नाहीं, म्हणून त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

पाहण्याची रीत

कातडी पाहावयाची ती दिवसाच्या उजेडांत, अंगावरील कपडे काढून, पाठीपासून तळपायापर्यंत पाहावी. दिव्याच्या उजेडांत फिकट डाग दिसत नाहीं. पाहतांना चार प्रश्न मनाशीं ठेवावे.

पहिला : खाज येते काय, आणि केव्हां? रात्रीं अंथरुणांत शिरल्यावर खाज दुणावत असेल तर खरजेचा संशय धरावा.

दुसरा : घरांत आणखी कोणास तीच तक्रार आहे काय? एकाच वेळीं दोघातिघांस खाज असेल तर रोग संसर्गाचा आहे असें समजावें.

तिसरा : रोग कोठें आहे? जांघ, कंबर, काख अशा झांकलेल्या व घामट जागीं आहे, कीं चेहरा, मान व हात अशा उघड्या जागीं आहे? पहिल्या प्रकारांत बहुधा बुरशी असते. दुसऱ्या प्रकारांत वाऱ्यानें अगर उन्हानें आलेलें कारण शोधावें.

चवथा : त्या जागीं स्पर्श कळतो काय? हा प्रश्न बहुतेक कोणी विचारीत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

खरूज

खरूज हा रोग डोळ्यांस सहज न दिसणाऱ्या अशा एका सूक्ष्म आठपायी किड्यापासून होतो. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरांत बीळ करून त्यांत अंडीं घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटें, कोपर, काखा, बेंबीचा भोंवताल, कंबर, स्त्रियांच्या स्तनांचा भाग व पुरुषांचें जननेंद्रिय ह्या त्याच्या ठराविक जागा आहेत. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर व चेहऱ्यावरही पुटकुळ्या उठतात.

या रोगाची एक खोड ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. प्रथमच खरूज होणाऱ्या मनुष्यास किडा अंगावर आल्यापासून चार ते सहा आठवडे खाज येत नाहीं. परंतु तेवढ्या अवधींत तो ती दुसऱ्यांस देऊं शकतो. म्हणून ज्यास खाज आहे त्यासच औषध लावलें तर रोग घरांतून जात नाहीं. तो या अंगावरून त्या अंगावर फिरत राहतो, आणि लोक औषधास दोष देतात.

सध्यां खरजेवर पांच टक्के परमेथ्रिनचें मलम वापरण्याचा परिपाठ आहे. तें मानेपासून तळपायापर्यंत सर्व अंगास, बोटांच्या बेचक्या व नखांखालचा भाग न वगळतां, रात्रीं निजतांना लावावें. आठ ते चौदा तास अंगावर ठेवून सकाळीं स्नान करावें. आणि सुमारें एक आठवड्यानें पुन्हां एकदां लावावें. हात धुतले तर हातांस पुन्हां लावावें. मोठ्या माणसास एका वेळीं सुमारें तीस ग्रॅमची एक ट्यूब लागते. एका ट्यूबेंत सारें घर भागविण्याचा प्रयत्न करूं नये. घरांतील सर्वांनीं, खाज असो वा नसो, एकाच रात्रीं औषध लावावें. दोन महिन्यांच्या आंतील बालकास व गरोदर स्त्रीस डॉक्टरांस विचारूनच औषध द्यावें. गंधकाचें मलम हें जुनें औषधही उपयोगी आहे; त्यास वास येतो व कपड्यांस डाग पडतात एवढाच त्याचा दोष.

अंगावरचे कपडे, चादरी व टॉवेल त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुवून कडक उन्हांत वाळवावे. जेथें पाण्याची टंचाई आहे तेथें निराळी युक्ति आहे. मनुष्याच्या अंगावेगळा झालेला हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षां अधिक सहसा जगत नाहीं. म्हणून न धुतां येणाऱ्या गोधड्या व जाड कपडे प्लास्टिकच्या पिशवींत अगर खताच्या स्वच्छ धुतलेल्या रिकाम्या गोणींत गच्च बांधून चार-पांच दिवस बाजूस ठेवले तरी काम होतें.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहूं शकते. किडा मेला तरी त्याचे अवशेष कातडींत असतात, त्यांची ती खाज असते. ती पाहून रोज मलम चोळीत बसूं नये. मात्र पुटकुळ्यांत पू झाला, ताप आला, किंवा मुलाचा चेहरा सुजून लघवी लालसर होऊं लागली, तर तत्काळ दवाखाना गांठावा. खरजेवर बसलेल्या जंतूंमुळें मूत्रपिंडास सूज येऊं शकते.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. परमेथ्रिन व त्याच्या जातीचीं औषधें पिकांवर व गोठ्यांतही वापरलीं जातात. नांव सारखें म्हणून शेतीचें अगर गोठ्याचें औषध पाण्यांत कालवून अंगास लावणें अत्यंत धोक्याचें आहे; त्याची तीव्रता व त्यांतील द्रावक निराळा असतो. त्याचप्रमाणें जनावरांस टोंचावयाचें आयव्हरमेक्टिन माणसानें घेऊं नये. माणसांकरितां त्याच्या गोळ्या निराळ्या मिळतात व त्या वजन पाहून डॉक्टर देतात.

दसरा-दिवाळीनंतर गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे पाथर्डी-शेवगांवकडील व शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या आसपास कोप्या करून राहतात. लहानशा कोपींत पांच-सहा माणसें, पाणी दुरून आणावयाचें, अंथरुणें थोडीं. अशा ठिकाणीं एक खरजुलें मूल साऱ्या टोळीस पुरे होतें. ज्याच्या फडांत टोळी उतरली आहे त्या बागाइतदारानें आरोग्य केंद्रास वर्दी देऊन सर्व कोप्यांत एकाच रात्रीं औषध लावण्याची व्यवस्था केली, तर खर्च थोडा व लाभ दोहोंचा आहे.

गजकर्ण व फसवी ट्यूब

गजकर्ण, म्हणजेच नायटा, हा बुरशीचा रोग. वाटोळा चट्टा, कडा उंच, लाल व खवलेदार, मध्यभाग निवळलेला, आणि चट्टा बाहेरच्या बाजूस वाढत जाणारा, ही त्याची खूण. जांघ, कंबर, काख व ढुंगण ह्या घामट जागा त्यास आवडतात. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यांत त्याचा जोर असतो.

पूर्वीं हा रोग साध्या मलमानें दोन-तीन आठवड्यांत हटत असे. गेल्या कांहीं वर्षांत तो चिवट झाला आहे. यास कारण झालेल्या बुरशीच्या एका नव्या जातीस २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं हिंदुस्थानावरूनच "इंडोटिनी" असें नांव दिलें. नेहमींच्या टर्बिनाफिन या औषधास ती पुष्कळदां दाद देत नाहीं. परंतु रोग चिघळण्याचें आणखी एक मोठें कारण म्हणजे दुकानांतून आणलेली मिश्र मलमाची ट्यूब.

ह्या मिश्र मलमांत बुरशीचें औषध, जंतूंचें औषध व स्टिरॉइड जातीचें औषध अशीं तीन-चार द्रव्यें एकत्र असतात. स्टिरॉइडचा गुण असा कीं, तें कातडीचा दाह व लाली झपाट्यानें शमवितें. पण लाली व खाज हीं शरीर बुरशीशीं झगडत असल्याचीं चिन्हें आहेत. स्टिरॉइड बुरशीस मारीत नाहीं; झगडणाऱ्या शरीरास निजवितें. राखणदारास झोंप आणून चोरास रान मोकळें करून द्यावें, तसा हा प्रकार होतो. दोन दिवसांत खाज थांबते, मनुष्य खूष होतो व मलम बंद करतो. आठवड्याभरांत चट्टा पूर्वींहून मोठा होऊन उठतो, कधीं त्याची वाटोळी कडाही पुसट होऊन जाते आणि मग डॉक्टरांसही ओळखणें कठीण पडतें. महिनेच्या महिने अशी ट्यूब चालली तर जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते व तिच्यावर कायमचे फाटल्यासारखे पट्टे पडतात.

स्टिरॉइड असलेलीं कित्येक मलमें २०१८ सालीं केंद्र सरकारनें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशा यादींत घातलीं. तथापि कायदा दुकानापर्यंत पोंचला तरी मागणारा ग्राहक सावध पाहिजे. ट्यूबेवरील बारीक अक्षरें वाचावीं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकीं नांव दिसलें तर तींत स्टिरॉइड आहे असें समजावें व गजकर्णास ती लावूं नये. क्लोट्रिमाझोल हें बुरशीचें औषध आहे. क्लोबेटासोलशीं त्याच्या नांवाचा घोटाळा होऊं देऊं नये.

उपाय सांगावयाचा तर असा. स्नानानंतर अंग, विशेषतः जांघा, कोरड्या कराव्या. ओली चड्डी अंगावर वाळवूं नये. सैल सुती कपडे वापरावे. टॉवेल ज्याचा त्यानें निराळा ठेवावा. चड्ड्या, बनियन रोज धुवून उलटे करून उन्हांत घालावे. बुरशीचें साधें मलम चट्ट्यावर व त्याच्या भोंवतीं दोन बोटें निरोगी कातडीवरही लावावें, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावें. चार आठवड्यांत उतार न पडला, चट्टे पुष्कळ असले, अगर डोक्यांत व नखांत रोग गेला, तर पोटांत औषध घ्यावें लागतें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पुरे करावें.

गोठ्याकडेही एक दृष्टि टाकावी. वासरांच्या डोळ्यांभोंवतीं व मानेवर केंस झडून राखेच्या रंगाचे, जाड खपलीचे वाटोळे चट्टे पडतात. तो वासरांचा नायटा होय, व तो माणसांस लागतो. अशा वासरास वेगळें बांधावें, पशुवैद्याकडून औषध घ्यावें व त्यास हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. याच्या उलट, २०२२ सालीं महाराष्ट्रांत गाईबैलांत लम्पी चर्मरोगाची सांथ आली तेव्हां दूध पिण्याची व गाईस शिवण्याचीही कित्येकांस भीति वाटली. पण तो देवीच्या कुळांतील विषाणु गुरांचा आहे, माणसांस तो होत नाहीं.

गाजरगवताचा दाह

ज्या गवतास लोक गाजरगवत अगर काँग्रेस गवत म्हणतात त्याची हिंदुस्थानांतील वाढ १९५५ सालीं पुण्यास प्रथम लक्षांत आली. तें अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आलें अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु मदतीच्या गव्हाचा करार १९५६ सालचा आहे, त्यापूर्वींच हें गवत पुण्यांत उभें होतें. तें कोठून आलें हा वाद बाजूस ठेवला तरी आज आमचा बांध, गांवकूस, कालव्याची भरावाची जागा व पडीक रान त्यानें व्यापलें आहे, हें उघड आहे.

या गवताच्या पानांत, फुलांत व अंगावरील बारीक लवेंत पार्थेनिन नांवाचें तीव्र द्रव्य असतें. तें प्रत्येकास बाधत नाहीं. पण वर्षानुवर्षें त्याच्या संगतींत काम केल्यावर कांहीं माणसांची कातडी एकदां बिथरली म्हणजे जन्मभर त्या द्रव्यास ओळखून दाह करते. याविषयीं लोणकर, मिचेल व कॅल्नन यांचा निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. रोगी बहुधा मध्यम वयाचा, शेतांत राबणारा पुरुष असतो. पापण्या, चेहरा, मानेचा भाग, कोपराची व गुडघ्याची लवण या जागा लाल होऊन खाजतात, सुजतात, मग काळ्या व जाड पडतात. गवत उपटावयासच पाहिजे असें नाहीं. त्याची वाळलेली धूळ वाऱ्यानें अंगावर येणें पुरे होतें. रोग जुना झाला म्हणजे ऊनही सोसेनासें होतें, आणि मनुष्य गांव सोडून चार दिवस शहरांत राहिला कीं बरें वाटतें. परत आला कीं पुन्हां सुरू. गांवीं येतांच चेहरा पेटतो अशी ज्याची तक्रार असेल त्यानें गाजरगवताचा संशय अवश्य धरावा.

याच रोगांत डॉक्टर स्टिरॉइडचें मलम अगर गोळी देतात, आणि तें योग्य असतें. गजकर्णांत जें औषध घात करतें तेंच येथें मापानें दिलें असतां आराम देतें. औषध तेंच, रोग निराळा. म्हणूनच शेजाऱ्यास गुण आला एवढ्यावरून त्याची ट्यूब आपण आणूं नये.

खरा उपाय गवत हटविण्याचा आहे, आणि तो एकट्यानें होण्याजोगा नाहीं. एका झाडापासून हजारों बीं पडतें. शेजारचा बांध तसाच राहिला तर आपला साफ केलेला बांध पुढल्या पावसांत पुन्हां भरतो. गवत फुलावर येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातमोजे घालून व नाकातोंडास फडकें बांधून मुळासकट उपटावें. फुलापूर्वीं उपटलेलें गवत खतास चालतें. पडीक जागेंत, जेथें पीक घ्यावयाचें नाहीं तेथें, पांच लिटर पाण्यांत एक किलो मीठ या प्रमाणाचें पाणी फवारल्यास गवत जळतें. पिकाच्या जमिनींत मात्र मीठ कदापि घालूं नये. मेक्सिकोंतील एक भुंगा हें गवत खातो. तो १९८३ सालीं बंगळूर येथें आणून, पुढें परीक्षा करून सोडण्यांत आला. पावसाळ्यांत त्याच्या अळ्या व भुंगे पानें फस्त करतात. तरोट्याची दाट वाढही गाजरगवतास दाबते. याविषयींची माहिती राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे किंवा बाभळेश्वरच्या कृषि विज्ञान केंद्राकडे विचारावी. ज्यास या गवताचा दाह एकदां झाला आहे त्यानें स्वतः तें उपटूं नये; पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि रानांतून आल्यावर साबणानें स्नान करून कपडे बदलावे.

पायांच्या चिखल्या व भेगा

रात्रीं उसास पाणी भरणाऱ्याच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, ओल्या होऊन फाटतात. या चिखल्या होत. पाण्यांतून आल्यावर पाय स्वच्छ धुवून प्रत्येक बेचकी कोरडी करावी, बुरशीचें मलम लावावें, आणि दिवसा पाय मोकळे ठेवावे. ओले बूट तसेच पुन्हां घालूं नयेत. टाचेच्या भेगांस पाय रात्रीं कोमट पाण्यांत भिजवून, पुसून, ओलसर असतांनाच व्हॅसलीन अगर तेल चोळावें. मधुमेह असलेल्या मनुष्यानें चिखली अगर भेग लहान समजूं नये. तींतून जंतु शिरून पाय गमावण्याची वेळ येऊं शकते.

न खाजणारा डाग

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. वरील सर्व रोग खाजून किंवा दुखून स्वतःची वर्दी देतात. एक रोग मात्र वर्दी देत नाहीं. कातडीच्या रंगाहून फिकट अगर तांबूस असा डाग, खाज नाहीं, वेदना नाहीं, आणि त्या जागीं स्पर्श, टोंचणें किंवा ऊनऊन वस्तु नीट कळत नाहीं, ही कुष्ठरोगाची प्रमुख खूण आहे. कित्येकांस डागाऐवजीं कातडी तेलकट, चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुंवयांचे केंस विरळ होतात. कोणास प्रथम चाहूल लागते ती निराळीच : चालतांना पायांतून चप्पल निसटते व कळत नाहीं; चुलीवरचें भांडें उतरतांना बोट भाजतें व फोड दिसल्यावरच समजतें; करंगळी वांकूं लागते.

प्रत्येक फिकट डाग म्हणजे कुष्ठरोग, असें मात्र मुळींच नाहीं. छातीपाठीवर खवलेदार फिकट ठिपके पडतात तीं शिबें, साध्या बुरशीचीं. मुलांच्या गालांवरील अस्पष्ट फिकट डाग बहुधा कोरड्या कातडीचे असतात. दुधासारखा पांढरा शुभ्र डाग तो कोड. तो संसर्गानें होत नाहीं. या तिन्हींत स्पर्श पूर्ण कळतो. म्हणून परीक्षा स्पर्शाची करावी. कापसाची बारीक वात करून तिचें टोंक प्रथम चांगल्या कातडीस लावून दाखवावें. मग रोग्यास डोळे मिटावयास सांगून कधीं चांगल्या जागीं, कधीं डागावर तें टोंक हलकेंच टेंकवावें, आणि जेथें कळेल तेथें बोट ठेवावयास सांगावें. डागावरील स्पर्श वारंवार चुकत असेल, किंवा नुसता संशय राहिला, तरी आरोग्य केंद्रांत जावें. गांवांतील आशा सेविकेस सांगितलें तरी ती पुढील व्यवस्था करते.

या रोगाचे जंतु नॉर्वेच्या हॅन्सन यांनीं १८७३ सालीं शोधिले. परंतु खात्रीचें औषध मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दोन-तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली, आणि तेव्हांपासून हा रोग पूर्ण बरा होऊं लागला. लागण थोडी असेल तर सहा महिने व अधिक असेल तर बारा महिने औषध घ्यावें लागतें. सरकारी दवाखान्यांत तें फुकट मिळतें. औषध सुरू होतांच थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास धोका राहत नाहीं. शंभरांतील सुमारें पंचाण्णव माणसांस हा रोग स्वाभाविक प्रतिकारशक्तीमुळें होतच नाहीं. तो आनुवंशिक नाहीं, पापाचें फळ नाहीं, व हस्तस्पर्शानें अगर एका पंगतीस बसल्यानें होत नाहीं.

औषध चालू असतां कधीं डाग एकदम लाल होऊन सुजतात, कोपराजवळील नस दुखते, बोटांतील शक्ति जाते. रोगी म्हणतो, औषध बाधलें. आणि औषध सोडतो. असें करूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. अशा वेळीं ते स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन नस वांचवितात. मात्र नस एकदां मेली म्हणजे पुढें रोगाचे जंतु नष्ट झाले तरी गेलेली संवेदना व वांकलेलीं बोटें सहसा परत येत नाहींत. सर्व घाई करावयाची ती याकरितां. जो हात नांगर धरतो, कांदा कापतो, दूध काढतो, तो वांचवावयाचा असेल तर डाग दिसल्यापासून नस मरेपर्यंतचा काळ हाच कामाचा आहे.

२००५ सालच्या अखेरीस देशांत रोग्यांचें प्रमाण दहा हजारांस एकाहून खालीं आलें असें जाहीर झालें. त्यावरून रोग गेला अशी समजूत पसरली. पण नवे रोगी महाराष्ट्रांत अजूनही सांपडतात. रोग शरीरांत शिरल्यापासून डाग उठेपर्यंत सरासरी पांच वर्षें, कधीं वीस वर्षेंही लागतात. म्हणून आज कोणी रोगी दिसत नाहीं एवढ्यानें निर्धास्त राहणें बरें नव्हे. कायद्यानें मात्र जुना कलंक पुसावयास घेतला आहे : रोग्यांस कोंडण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं कायद्यांतून काढून टाकण्यांत आलें. उरला आहे तो गांवाचा व घराचा कायदा. डाग दाखविला तर काम जाईल, मुलीचें लग्न मोडेल, या भीतीनें मनुष्य सदऱ्याची बाही खालीं ओढतो, आणि नेमका औषधाचा काळ दवडतो. सालदाराच्या पाठीवर डाग दिसल्यावर त्यास कामावरून दूर करणारा मालक रोगास दूर करीत नाहीं. साऱ्या गांवास डाग लपविण्याचा धडा देतो. त्याच गड्यास स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यांत नेणारा मालक रोगाचें मूळ तोडतो.

दवाखान्यास केव्हां जावें

डागावर स्पर्श कळेनासा झाला तर. पू, ताप अगर सूज आली तर. मूल एक वर्षाच्या आंतील असेल तर. रोग्यास मधुमेह असेल तर. चार आठवडे योग्य उपचार करूनही उतार नसेल तर. आणि तीळ अगर जुना व्रण वाढूं लागला, रक्त वाहूं लागलें अगर भरून येईना तर, घरगुती उपाय थांबवून दवाखान्यास जावें. जातांना आजवर लावलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्या झालेल्या सुद्धां, बरोबर न्याव्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे. पुढें लागल्यास नगरचें जिल्हा रुग्णालय व लोणीचें प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. डॉक्टरांनीं स्टिरॉइड दिलें असेल तर तें कोणत्या जागीं व किती दिवस लावावयाचें हें स्पष्ट विचारून घ्यावें, आणि मुदतीबाहेर लावूं नये.

आमची शेतकरीबंधूंस सूचना आहे कीं, महिन्यांतून एक दिवस ठरवून सकाळच्या उजेडांत घरांतील सर्वांची, वडील माणसांची व गडीमाणसांचीही, कातडी पाहावी. स्त्रियांची स्त्रियांनीं पाहावी. त्यास घटकाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. खाजणारा रोग सांपडला तर आठ-पंधरा दिवसांचें काम. न खाजणारा सांपडला तर एका मनुष्याचे हातपाय वांचले.